कचेरीची मांडणी आणि माणसाचे काम



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो पगार, बोनस आणि पेन्शन यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी कचेरीतल्या खुर्चीवर, खिडकीवर, पंख्यावर आणि कागदांच्या गठ्ठ्यांवर बोलणार आहे. हे विषय क्षुल्लक वाटतील. पण मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावी त्यांचा संबंध प्रत्येक घराशी येतो. आपल्या गावात तहसील कचेरी आहे, पंचायत समिती आहे, नगरपंचायत आहे, बँका आणि सहकारी संस्था आहेत. आसपासच्या खेड्यांतला शेतकरी सातबाऱ्यासाठी, धानाच्या चुकाऱ्यासाठी, मुलीच्या दाखल्यासाठी इथेच येतो. काम झाले नाही की त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, जाण्यायेण्याचे भाडे बुडते, आणि रोवणीचे दिवस असतील तर बांधीतले काम मागे पडते. खिडकीच्या अलीकडे शेतकरी घामाघूम उभा असतो आणि पलीकडे कारकून घामाघूम बसलेला असतो. दोघेही एकमेकांवर चिडलेले असतात. त्या चिडण्याचे पुष्कळसे कारण दोघांपैकी कोणाच्याही स्वभावात नसते. ते त्या खोलीत असते, असे माझे मत आहे.

'कार्यक्षमता' हा शब्द कामगाराच्या कानाला गोड लागत नाही, आणि त्याला कारण आहे. आजवर तो शब्द बहुधा वरून खाली आला, आणि त्याचा अर्थ एवढाच निघाला की चौघांचे काम तिघांनी करावे व तेही घाईने करावे. मी तो शब्द दुसऱ्या अर्थाने वापरतो. गाडी चालत नसेल तर दोन उपाय असतात. एक, बैलाला आर टोचणे. दुसरा, खाली उतरून चाकापुढचा धोंडा काढणे आणि आसाला वंगण घालणे. पहिल्या उपायाने गाडी चार पावले चालते आणि बैल जातो. दुसऱ्या उपायाने बैलही वाचतो आणि गाडीही पोचते. कचेरीतले असे धोंडे कोणते आणि ते थोडक्या खर्चात कसे काढता येतील, एवढाच आजचा विषय आहे.

बिडीचे सूप आणि कोशाचा माग

कामाची जागा कशी असावी हे शिकण्यासाठी प्रथम परदेशी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यात बिडी वळणाऱ्या बाईकडे पाहावे. ती अंधाऱ्या कोपऱ्यात कधी बसत नाही. दाराशी किंवा ओसरीवर, जिथे उजेड पडतो तिथे बसते. मांडीवर सूप असते. त्यात कापलेली तेंदूपाने एका बाजूला, तंबाखू दुसऱ्या बाजूला आणि दोरा हाताशी. पान उचलण्यासाठी तिला मान वळवावी लागत नाही, दोऱ्यासाठी उठावे लागत नाही. वळलेली बिडी कुठे पडायची ती जागासुद्धा ठरलेली असते.

तसेच मोहाडी-आंधळगावच्या कोशाच्या मागाचे. खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीच्या पातळीला बसतो, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर असतात, आणि कापड नेमके हाताच्या उंचीवर येते. कोपर ना उचलावे लागते, ना वाकवावे लागते. धोट्याचा हात सहज चालतो. ही मांडणी कोणा इंजिनिअरने करून दिलेली नाही. ती पिढ्यान् पिढ्यांच्या अंगमेहनतीतून ठरली आहे.

ही माणसे आपली जागा इतक्या काळजीने का मांडतात? कारण त्यांना मजुरी हजार बिड्यांवर किंवा विणलेल्या कापडावर मिळते. वाया गेलेला प्रत्येक क्षण त्यांच्या स्वतःच्या पोटातून जातो. शिवाय जागा मांडण्याचा अधिकार त्यांचा स्वतःचा असतो. कचेरीतला कारकून मात्र आयत्या जागी नेऊन बसवला जातो. टेबल कोणी तरी खरेदी केले, कपाट कोणी तरी खिडकीसमोर उभे केले, दिवा ठेकेदाराला सोयीचा तिथे लागला. हे सगळे बदलावे असे त्याला वाटले तरी 'आपण कोण बदलणार?' असे म्हणून तो वीस वर्षे तसाच बसतो.

बिडीकामाचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. तंबाखूची धूळ छातीत जाते, दिवसभर वाकून पाठ धरते, आणि मजुरी तर तुटपुंजी असते. पण ज्याने काम करायचे त्यानेच जागा मांडावी, हा त्यातला धडा घेण्याजोगा आहे.

उजेड

आता कचेरीत शिरू या. पहिली गोष्ट उजेडाची. आपल्याकडे सूर्यप्रकाशाची टंचाई नाही. तरी पुष्कळ कचेऱ्यांत भर दुपारी दिवे लागतात. कारण खिडकीसमोर लोखंडी कपाट उभे असते आणि त्यावर गठ्ठे छतापर्यंत गेलेले असतात. पहिला उपाय बिनखर्चाचा आहे: कपाटे बिनखिडकीच्या भिंतीला लावावीत आणि टेबले खिडकीजवळ आणावीत.

टेबल मांडताना खिडकी बाजूला यावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूने उजेड आला म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. संगणक असेल तर खिडकी पाठीमागेही नको आणि समोरही नको. पाठीमागे असली की तिचे प्रतिबिंब पडद्यावर चमकते. समोर असली की डोळे दिपतात आणि पडदा काळपट दिसतो. दोन्ही प्रकारांत माणूस नकळत मान वाकडी करून बसतो आणि संध्याकाळी डोके दुखते म्हणून गोळी घेतो.

दुसरा उपाय एका फडक्याचा. ट्यूबवर वर्षभराची धूळ बसली की उजेडाचा बराच भाग ती धूळच खाते. महिन्यातून एकदा दिवे आणि काचा पुसाव्यात, आणि भिंतींना पांढरा चुना द्यावा. वय वाढते तसा डोळ्यांना उजेड अधिक लागतो, हे साहेबांनी लक्षात ठेवावे. पंचविशीतल्या मुलाला जो दिवा पुरतो तो पन्नाशीतल्या कारकुनाला पुरत नाही. तो हळू वाचतो म्हणून त्याला आळशी म्हणण्याआधी दिवा पाहावा.

हवा आणि उन्हाळा

विदर्भात कामाच्या जागेचा विचार उन्हाळ्यावाचून पुरा होत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना जातो. अशा दिवशी स्लॅबच्या खोलीत दुपारी तीन वाजता बेरीज चुकली तर दोष बेरीज करणाऱ्याचा किती आणि स्लॅबचा किती?

हा केवळ तक्रारीचा सूर नाही. अर्थशास्त्रज्ञ ई. सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या कारखान्यांची आकडेवारी तपासून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वार्षिक तापमान एका अंशाने वाढले तर कारखान्यांचे उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी घटते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उष्णतेत माणसाच्या हातून काम कमी होते आणि गैरहजेरीही वाढते. बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतला दुसरा एक अभ्यास असाच बोलका आहे. तिथे वीज वाचवण्यासाठी जुन्या नळ्या काढून एलईडी दिवे बसवले. एलईडी दिवा कमी तापतो. त्यामुळे शिलाईच्या जागेची उष्णता थोडी उतरली आणि कडक उन्हाच्या दिवसांत काम वाढले. म्हणजे बिल वाचवायला गेले आणि माणसाच्या घामाचाही फायदा हाती आला.

आपल्या घरोघर कूलर आहेत. पण कूलर कसा चालतो हे थोडे समजून घेतले पाहिजे. कूलर हवा थंड करतो तो पाण्याची वाफ करून. ती ओलसर हवा खोलीबाहेर गेली तरच नवी कोरडी हवा आत येऊन पुन्हा थंड होते. पुष्कळ ठिकाणी 'गारवा बाहेर जाऊ नये' म्हणून सगळी दारे-खिडक्या बंद करतात. मग तासाभरात खोली दमट होते, अंग चिकट होते, कागद नरम पडतात आणि लोक म्हणतात कूलर बिघडला. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी ठेवावी. कूलर सावलीत असावा, त्यातले पाणी वरचेवर बदलावे आणि गवताच्या जाळ्या दर हंगामात नव्या घालाव्यात. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याची ताटी किंवा बांबूची चटई बाहेरून बांधावी. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढण्यापेक्षा ते बाहेरच अडवणे केव्हाही बरे. स्लॅबवर उन्हाळ्याच्या तोंडाशी चुन्याचा पांढरा हात दिला की आतली उष्णता काही अंशांनी उतरते. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला आणि पुढे पांढरी छते हा त्याचा एक भाग झाला.

आता एक हिशेब करू. १९४८ च्या कारखाना कायद्याने नव्या कारखान्यांत दर कामगारामागे ५०० घनफूट जागा असावी असा नियम घातला होता, आणि त्यात चौदा फुटांवरची उंची धरायची नव्हती. त्या कायद्याची जागा आता नव्या श्रमसंहितेने घेतली आहे आणि तो नियम मुळात गिरण्या-कारखान्यांचा होता. पण माप म्हणून तो उपयोगी पडतो. पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली घ्या. गुणाकार १८०० घनफूट. म्हणजे तीन माणसांची जागा झाली, चौथ्याचे अपुरे. अशा खोलीत आपल्याकडे सहा माणसे, पाच कपाटे आणि दारात उभी रांग असते. घरी गेल्यावर आपापल्या कचेरीचा, दुकानाचा, शाळेच्या वर्गाचा हा गुणाकार प्रत्येकाने करून पाहावा.

खुर्ची आणि टेबल

चांगली खुर्ची म्हणजे महाग खुर्ची, हा गैरसमज आहे. चांगल्या बैठकीच्या खुणा चार आहेत. पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. गुडघे काटकोनात आले पाहिजेत. कमरेला मागून टेका मिळाला पाहिजे. आणि कोपर टेबलाच्या उंचीला आले पाहिजे. ठेंगण्या माणसाचे पाय लोंबकळत असतील तर खाली लाकडी पाट द्यावा. कमरेमागे लहान उशी चालते. संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला यावी. खाली असेल तर सुताराकडून एक ठोकळा करून घ्यावा. हे सारे काम एका दिवसाच्या सुतारकामात बसते.

उत्तम खुर्चीवरही माणूस सलग चार तास बसायला जन्मलेला नाही. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. पडद्यावर काम करणाऱ्याने दर वीस मिनिटांनी क्षणभर दूर, वीसएक फुटांवर पाहावे. असा उठलेला माणूस काम टाळतो असे समजू नये.

दुकानात काम करणाऱ्यांचे दुःख याच्या उलट असते. त्यांना बसायलाच मिळत नाही. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी संघटित होऊन लढा दिला आणि २०१८ साली तिथल्या दुकान कायद्यात तशी तरतूद झाली. तामिळनाडूनेही २०२१ साली तसाच कायदा केला. आपल्या बाजारपेठेतल्या व्यापारी बंधूंनी कायद्याची वाट पाहू नये. गिऱ्हाईक नसताना बसायला एक स्टूल दिल्याने दुकानाचे काही जात नाही. संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला हसतमुख माणूस भेटतो.

कागदाचे सहा गठ्ठे

आता सर्वांत मोठ्या धोंड्याकडे येतो. एका कचेरीत (तिचे नाव घेण्याचे कारण नाही) आमच्या एका बिडी कामगार बाईचा भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज सात महिने सापडत नव्हता. किती फेऱ्या मारल्या याचा हिशेब ती एसटीच्या तिकिटांवरून सांगत असे. शेवटी तो अर्ज मिळाला तो जुन्या परिपत्रकांच्या गठ्ठ्यात. कोणी लाच मागितली नव्हती, कोणी मुद्दाम अडवले नव्हते. टेबलावर जागाच नव्हती म्हणून कारकुनाने तो 'तात्पुरता' बाजूला ठेवला होता, आणि त्याच्यावर दुसरे तात्पुरते येऊन बसले होते.

या दुखण्यावरचे औषध आपल्या महाराष्ट्रातच निघाले आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे, अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी आपल्या कचेरीची मांडणी आणि दप्तर यांची नव्याने व्यवस्था लावली. पुढे ती पद्धत 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभरच्या कचेऱ्यांत गेली. तिच्यातली सहा गठ्ठ्यांची रीत कोणालाही समजेल इतकी साधी आहे.

पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा: ज्यांवर मला स्वतःला काम करायचे आहे ते कागद. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा: माझे काम झाले, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे. तिसरा नियतकालिकांचा: दर आठवड्याला, दर महिन्याला पाठवायची विवरणे. चौथा स्थायी आदेशांचा: नेहमी लागणारे शासन निर्णय आणि परिपत्रके. पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या, काम संपलेल्या कागदांचा. आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा.

यातली खुबी पहिल्या दोन गठ्ठ्यांच्या फारकतीत आहे. एरवी टेबलावरचा ढीग पाहून कारकुनाचे मन सकाळीच खचते. तोच ढीग वेगळा केला की कळते, तीनशे कागदांपैकी आज आपल्या हातचे चाळीसच आहेत. चाळीस कागद माणूस निपटू शकतो. तीनशेंना तो नुसता पाहत बसतो. साहेबालाही एका नजरेत दिसते की काम कुठे अडले आहे आणि कोणामुळे अडले आहे.

पाचव्या-सहाव्या गठ्ठ्यासाठी वर्गवारी ठरलेली आहे. 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब' वर्गाचे ३० वर्षे, 'क' वर्गाचे १० वर्षे, 'क-१' चे ५ वर्षे आणि 'ड' वर्गाचे १ वर्ष. मुदत संपलेले कागद नियमाप्रमाणे काढून टाकले तर कपाटे मोकळी होतात. कपाटे मोकळी झाली की त्यांतली दोन बाहेर निघतात. दोन निघाली की खिडकी उघडते. उजेड, हवा आणि कागद हे प्रश्न असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

संगणक आल्याने हे संपले असे कोणी समजू नये. पडद्यावर दोनशे फाइली विस्कळीत पडल्या असतील तर तोही एक अस्ताव्यस्त टेबलच होय. हेच सहा कप्पे संगणकात करावेत. भाताच्या गिरणीतल्या मुनिमाला आणि पतसंस्थेच्या चिटणिसालाही ही रीत तितकीच लागू पडते. सरकारी कचेरीला तर कायद्याचाही धाक आहे. शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात, सामान्यतः कोणतीही फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक राहू नये असे म्हटले आहे. पण फाईल सापडलीच नाही तर सात दिवस मोजायचे कुठून?

मोडलेले काम

हिशेब जुळवताना दर पाच मिनिटांनी कोणी तरी "भाऊ, माझे काम कोणाकडे आहे?" असे विचारले तर हिशेब पहिल्यापासून करावा लागतो. विचारणाऱ्याचा दोष नाही, कारण त्याला सांगणारे दुसरे काही नाही. दारातच एक फळा लावावा: कोणते काम, कोणत्या टेबलावर, कोणते कागद सोबत हवेत, किती दिवसांत होईल. अक्षर मोठे असावे आणि भाषा आपली असावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक माणूस दाराजवळ बसवावा. शेतकऱ्याला सकाळची वेळ सोयीची, म्हणून लोकांची खिडकी सकाळी पूर्ण वेळ उघडी ठेवावी आणि एकाग्रतेच्या कामासाठी दुपारचा एक तास राखून ठेवावा. मोबाईलवर येणारे निरोपही ठरावीक वेळीच पाहावेत, आणि हा नियम वरच्या साहेबांनीही पाळावा. रात्री दहा वाजता हुकूम आणि सकाळी 'अहवाल कुठे?' ही रीत काम वाढवत नाही. ती फक्त झोप कमी करते.

पाणी, विसावा आणि स्वच्छतागृह

काम वाढवायचे तर विश्रांती कमी करावी, ही जुनी आणि चुकीची समजूत आहे. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना उभे केले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. आज आपण सहज उपभोगतो तो रविवार असा मिळालेला आहे. सुटी दिल्याने गिरण्या बुडाल्या नाहीत. जर्मनीत येना गावी झाइस यांच्या भिंगांच्या कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९०० साली नऊ तासांचा दिवस आठ तासांवर आणला, आणि कामाची मोजणीही ठेवली. आठ तासांत पूर्वीच्या नऊ तासांहून थोडे अधिकच काम झाले, कारण ताजा हात भराभर चालतो आणि चुका कमी करतो.

म्हणून जेवणाचा अर्धा तास हा जेवणाचाच असू द्या, आणि खिडकीवर तशी पाटी लावा म्हणजे रांगेतला माणूस ताटकळणार नाही. स्वच्छ पाण्याचा माठ कर्मचाऱ्यांसाठी आत आणि लोकांसाठी बाहेर ठेवा. स्वच्छतागृहाबद्दल सभेत बोलायला आपण संकोचतो. पण ज्या कचेरीत बायकांसाठी नीट स्वच्छतागृह नाही तिथे बाई सकाळपासून पाणी पीत नाही, हे किती साहेबांना ठाऊक आहे? या उन्हाळ्यात पाणी न पिता बसलेल्या बाईकडून कार्यक्षमतेची अपेक्षा करणे हा क्रूरपणा आहे. दाराला कडी, नळाला पाणी आणि आत दिवा, एवढ्याने काम भागते.

आधी विचारा

अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२४ पासून उजेडाचे प्रयोग झाले. दिवे वाढवले तिथे काम वाढले, पण जिथे दिवे तसेच ठेवले होते तिथेही वाढले. आपल्याकडे कोणी तरी लक्ष देत आहे, आपल्याला विचारत आहे, या भावनेचा तो परिणाम, असा अर्थ तेव्हा काढला गेला. पुढच्या अभ्यासकांनी त्या आकड्यांवर शंका घेतल्या आहेत. मला त्यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. दिव्याची गरज नाही असा अर्थ मालकांनी काढू नये; नुसत्या गोड शब्दांनी अंधारात अक्षर दिसत नाही. आणि दिवा लावताना, तो कुठे हवा हे त्याखाली बसणाऱ्याला विचारल्यावाचून लावू नये.

२०२५ च्या आरंभी महाराष्ट्र शासनाने कार्यालयीन सुधारणांचा १०० दिवसांचा कार्यक्रम घेतला. स्वच्छता, कार्यालयातल्या सोयी, तक्रारींचे निवारण हे विषय त्यात होते. विषय योग्यच होते. पण कोणत्याही कार्यक्रमात तपासणीपुरता रंग लागण्याचा धोका असतो. कुंड्या येतात, फलक येतात, आणि तपासणी झाल्यावर कुंड्यांना पाणी घालायला कोणी उरत नाही. जी सुधारणा रोज वापरणाऱ्याने मागितलेली असते ती मात्र टिकते, कारण ती मोडली तर पहिली ओरड तोच करतो. बिडीचे सूप रोज नीट लागते ते तपासणीच्या भीतीने लागत नाही.

लाभ कोणाचा?

शेवटी माझ्या नेहमीच्या विषयाकडे येतो, कारण तो या विषयाच्या मुळाशी आहे. मांडणी सुधारली, काम भराभर होऊ लागले, तर त्याचा लाभ कोणाला? 'आता चौघांचे काम तिघांत होते' असे म्हणून चौथ्याला घरी पाठवले, तर उरलेले तिघे पुन्हा कधी सुधारणा सुचवणार नाहीत. ते गठ्ठे पुन्हा विस्कटतील, आणि त्यात त्यांचा काय दोष? सुधारणेने वाचलेला वेळ आधी लोकांच्या अडलेल्या कामाला द्यावा, आणि त्यातला काही कर्मचाऱ्याला वेळेवर घरी जाण्यासाठी मिळावा. चांगली खुर्ची ही रिकाम्या पदाची भरपाई होऊ शकत नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. दोन माणसांचे काम एकाच्या माथी असेल तर सहाचे बारा गठ्ठे केले तरी ते उरकणार नाही.

उलट बाजूने माझ्या कर्मचारी बंधुभगिनींनाही सांगणे आहे. आपण हक्क मागतो तेव्हा रांगेतला शेतकरी आपल्या बाजूने उभा राहावा असे वाटत असेल, तर त्याला आपल्या टेबलावर त्याचा कागद पहिल्या हाकेला मिळाला पाहिजे. त्याचीही मजुरी रोजच्या कामावरच आहे. खुर्ची नीट मिळावी ही मागणी आपण संघटनेच्या यादीत जरूर घालू. पण टेबल आवरण्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नसते.

म्हणून सुरुवात कशी करावी तेवढे सांगतो. येत्या शुक्रवारी शेवटचा एक तास सर्वांनी मिळून घ्यावा, साहेबांपासून शिपायापर्यंत. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगावी: माझ्या कामात रोज काय आडवे येते? त्या गोष्टींची तीन भागांत यादी करावी. बिनखर्चाच्या, म्हणजे कपाट हलवणे, गठ्ठे लावणे, दिवे पुसणे, ही कामे त्याच संध्याकाळी करावीत. थोड्या खर्चाच्या, म्हणजे पाट, ठोकळा, ताटी, फळा, चुना, ही महिन्याभरात करावीत. आणि मोठ्या खर्चाच्या, म्हणजे स्वच्छतागृह, नवी खोली, रिकामी पदे, यांसाठी सह्या करून वर मागणी करावी, आणि त्या मागणीवर गावकऱ्यांच्याही सह्या घ्याव्यात, कारण ती कचेरी त्यांचीही आहे. मागणीची एक प्रत मात्र जपून ठेवावी, आणि ती प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातच ठेवावी, म्हणजे दर आठवड्याला हाताखाली येईल आणि विसर पडणार नाही.